ठरलेली वेळ

हिऊमा बेटावर वारा समुद्रावरून येतो तेव्हा
आधी जुनिपरची झुडपं वाकतात, मग तारा.
सात वाजून दहा मिनिटांनी दिवे गेले
आणि सोळाव्या मिनिटाला परत आले,
जणू कोणी नुसतं दार लोटून
आत डोकावून गेलं.

तेवढ्यात बुटांच्या कपाटातलं लहानसं यंत्र
मेलं आणि जन्मलं.
शेगडीचा प्लग त्याच्या ताब्यात होता:
चालू झाल्यापासून चाळीस मिनिटं, मग बंद.
एकतीस मोजून झाली होती.
ती कुठे गेली, हे विचारायला
मागचं कोणी उरलंच नव्हतं.
प्लगला मात्र आठवलं, मी चालू होतो.
शेगडी तापत राहिली.

आर्वो संध्याकाळच्या बोटीनं उतरून घरी आला
तेव्हा बटाट्यांचा कोळसा झालेला,
पातेल्याच्या बुडाला जांभळं वर्तुळ,
आणि लैने, त्याची आई, वय ब्याऐंशी,
धुरात शांत बसून मोज्याची टाच विणत होती.
"तुझे बाबा आले का रे बोटीवरून?"
आर्वोनं खिडकी उघडली.
बाबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली,
हे त्यानं आज सांगितलं नाही.

शेजारचा काल्यू फोनवर म्हणाला,
मोठी बॅटरी घे, यंत्र मरूच देऊ नकोस.
सत्तावीस वर्षं फेरीबोटींची इंजिनं उघडलेला माणूस हसला.
न मरणारं इंजिन त्यानं अजून पाहिलं नव्हतं.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली.
आईचं अक्षर, पेन्सिलीचं, तिरकं:
आर्वो, सात चाळीसची बोट.
'आर्वो दोन तासांनी' असं तिनं कधीच लिहिलं नव्हतं.
डुलकीतून उठली की तिला काही म्हणजे काही आठवत नसे,
ती आधी कागद बघे, मग घड्याळ,
आणि बटाटे चढवायचे की नाही ते ठरवी.

त्यांच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द आहे.
माझ्या भाषेत तो वेळ असतो आणि ती वेळ असते.
तो उरतो, सरतो, त्याला सतत मोजणारं कोणी लागतं.
ती ठरते. कोणी जागं असो नसो,
आपल्या जागी उभी राहते.
आर्वोला मराठी ठाऊक नाही. तरी त्यानं नेमकं तेच केलं:
'अजून नऊ मिनिटं' पुसलं,
'सात एकोणीसला बंद' असं डिस्कवर कोरून ठेवलं,
आणि डोळे उघडल्यावर पहिलं काम काय, तेही:
लिहिलेलं वाच. घड्याळ बघ.
वेळ टळली असेल तर आत्ताच्या आत्ता बंद कर.
टळली नसेल तर थांब.

घड्याळातही एक गोम होती.
यंत्र उठतं ते मेल्या क्षणालाच आज समजून,
म्हणून बाहेरच्या जगाची वेळ तारेतून येईस्तोवर
त्यानं कशावर विश्वास ठेवायचा नाही,
स्वतःवरही नाही.
ही ओळ लिहिताना आर्वो थोडा थांबला.
शेजारच्या खोलीत आई बाबांशी बोलत होती.

पहाटे त्यानं शेगडीवर पाणी ठेवलं,
स्वतःच्या हातानं भिंतीतून वायर उपटली,
शंभरापर्यंत आकडे मोजले, परत जोडली.
लैने शालीत गुरफटून दारात उभी.
"कशाला उठवतोस त्याला? झोपू दे की."
"उठल्यावर त्याला कळतं का, बघतोय."
"काय?"
"किती वाजले ते."
तिनं मान हलवली, कॅलेंडरपाशी गेली,
पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करून
काहीतरी लिहिलं.

कपाटात हिरवा दिवा लुकलुकला.
बराच वेळ काही नाही.
मग प्लग, टक्.